सोर्शा वाचली तो रविवार

ब्रायडी त्या दारातून आत शिरली ती केस कापून घ्यायला.

साउथ होबार्टच्या चढावर, ओढ्याला लागूनच ते पार्लर होतं. काचेवर मोठ्या गुलाबी अक्षरांत लिहिलेलं, की इथे केस धुऊन, कापून, सेट करून मिळतील. पार्लर बंद होऊन दोन वर्षं झाली होती, पण ते त्या अक्षरांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेर जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला, पाऊस पडत होता. बारीक, तिरपा, डोंगरावरच्या बर्फाला शिवून आलेला. ब्रायडीची झुलपं भिजून डोळ्यांवर चिकटली होती. बर्नी हे आपलं गाव सोडून ती या शहरात आली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि रोपवाटिकेतल्या नोकरीपलीकडे तिला इथलं चिटपाखरू ओळखत नव्हतं.

आत भिंतीला केस वाळवायच्या यंत्रांचे गोल टोप लटकत होते, आणि त्यांच्याखाली एका टेबलाभोवती तीन माणसं बसली होती. साठीकडे झुकलेली एक बाई विणत होती. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. आणि भिंतीकडे पाठ करून, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, एक तरुण.

म्हातारा अगदी शांतपणे सांगत होता, "धड इथे पुरा, डोकं नदीपलीकडे. आणि तोंडात लसूण कोंबायला विसरू नका."

ब्रायडीचा हात कडीवरच राहिला.

पुठ्ठ्यामागच्या तरुणाने मान वर केली. डोळे राखाडी, नखांच्या कडेला डिझेलची काळी रेघ. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि पाहण्याचं काम लगेच संपवलं नाही.

"दार उघडं होतं म्हणून आलीस, की कुणी ये म्हटलं म्हणून?"

"दार उघडं होतं."

"मग भिऊ नका," तो बाकीच्यांना म्हणाला. "न बोलावता उंबरा ओलांडलाय तिने. व्हँपायरला ते जमत नाही."

"मला फक्त झुलपं कापायची होती," ब्रायडी म्हणाली.

विणणाऱ्या बाईने, म्हणजे पार्लरवाल्या डेलने, सुया खाली ठेवल्या. खणातून कात्री काढली आणि ब्रायडीला खुर्चीत बसवून मुकाट्याने केस कापायला घेतले. तेवढ्यात तो तरुण म्हणाला, की त्यांच्या गोष्टीत गावाच्या वेशीवर एक राखणदारीण उभी आहे, तिच्या तोंडची दोन वाक्यं कुणीतरी बोलायला हवीत. गळ्याशी टॉवेल, नाकावर केसांची कुसळं, अशा अवस्थेत ब्रायडी वेशीवरची राखणदारीण झाली. दोन वाक्यांची वीस झाली. बाहेर पडली तेव्हा अंधारलं होतं, आणि पुढच्या रविवारी दुपारी ये, असं तिला तिघांनीही सांगितलं होतं.

तो तरुण म्हणजे विम वीन्स्ट्रा. किंग्स्टनच्या डच वस्तीतला, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि रविवारपुरता या टेबलाचा सूत्रधार. खेळ तसा साधा. सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातल्या एकेका पात्राच्या तोंडून बोलतात, आणि तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राचं अख्खं आयुष्य एका कागदावर, पेन्सिलीने लिहिलेलं. जखम झाली की खोडायचं, शहाणपण आलं की वाढवायचं. ब्रायडीने सोर्शा नावाची चोर केली, कसलंही कुलूप उघडणारी. डेल साध्वी आगाथा झालेली होती. आणि निवृत्त पोस्टमन मर्व्ह पायबस अकरा वर्षं एकच पात्र खेळत होता, टॉरिक नावाचा बुटका कुऱ्हाडवाला. त्याचा कागद खोडून खोडून कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता.

पुढच्या एप्रिलात विमने गोष्टीत नवा व्हँपायर आणला. मिठागरावरच्या किल्ल्यात राहणारा इस्केल. त्याला थेट दाखवलं नाही त्याने. चार महिने नुसत्या खुणा पेरल्या. विहिरीच्या पाण्यात न उमटणारी प्रतिबिंबं, घरातल्या मेलेल्या माणसाला ओळखून गप्प होणारी कुत्री. आणि गावातल्या बायका तिन्हीसांजेला दारं लावताना म्हणायच्या ते एक गाणं, विमने स्वतः रचलेलं. तो ते गायचा नाही, पुटपुटायचा—

सांज झाली बाई, कडी लाव तू दाराला
हाक ओळखीची आली, 'ये' म्हणू नको त्याला...

ऐकताना ब्रायडीच्या मानेवर काटा यायचा. तो भीतीचा होता की आणखी कशाचा, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

खेळ संपला की विम तिला बसपर्यंत सोडायला यायचा. वाटेत ओढ्यावर छोटा पूल होता आणि त्या ओढ्यात बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस दिसतो असं सगळे म्हणायचे. दोघं कठड्यावर कोपरं टेकून पाण्यात बघत उभी राहायची. बस एक जायची. कधी दोन जायच्या.

"तो बघ."

"तो दगड आहे, विम."

"मागच्या रविवारीही तिथेच होता. एवढा चिकाटीचा दगड मी पाहिला नाही."

"दगडाला निदान माहीत असतं, कुठे थांबायचंय."

"मलाही माहीत आहे." तो पाण्याकडेच बघत म्हणायचा. "थंडी वाजतेय तुला?"

"नाही."

"मग दात का वाजतायत?"

"ते माझे नाहीत. इस्केलचे असतील."

तो हसायचा. कोपराला कोपर लागलेलं असायचं, आणि ते कुणीच बाजूला घ्यायचं नाही. इतकंच. वर्ष सरलं तरी याच्या पुढे गाडी गेली नव्हती, आणि त्याला कारण होतं डेल.

डेलच्या टेबलाचा एकच कायदा होता. तिचा आधीचा सूत्रधार म्हणजे तिचा तेव्हाचा नवरा. एका नव्या पोरीवर त्याचा जीव जडला आणि सहा महिने तो आडोशामागे तिच्या बाजूने फासे खोटे सांगत राहिला. कळलं तेव्हा नवरा तर गेलाच, पण वीस वर्षांच्या दोन मैत्रिणीही परत आल्या नाहीत. नवऱ्याचं मला एवढं लागलं नाही, असं डेल सांगायची. म्हणून विमच्या पाठीमागच्या भिंतीवर पार्लरचे पाच आरसे होते त्यांवर तिने चिमटे लावून टॉवेल टाकले होते. आडोशामागचा फासा कुणाला दिसता कामा नये, आणि आडोशामागच्या माणसाने खोटं बोलता कामा नये. फासा खोटा झाला त्या दिवशी टेबल मोडायचं. विमने पहिल्या दिवशीच हे मान्य केलं होतं.

ऑगस्टातल्या त्या रविवारी इस्केल पहिल्यांदा समोर आला.

मिठागराच्या बांधावर त्याने तिघांना गाठलं. सोर्शा आधीच घायाळ होती. आणखी एक घाव, की कारभार आटोपला. विमने सांगितलं, इस्केल सोर्शाकडे वळतोय. तेरा किंवा वर पडलं की त्याचे दात तिच्या गळ्यात. फासा आडोशामागे घरंगळला, थांबला.

आणि ब्रायडीने वर पाहिलं. उगाच, श्वास रोखून धरवेना म्हणून. मधल्या आरशावरचा टॉवेल एका चिमट्यावर लोंबत होता. आरशात विमची मान होती, त्याचा हात होता, आणि हातापाशी फासा. उलटा दिसणारा आकडा सुलटा व्हायला तिला एक क्षण लागला.

एकोणीस.

विम फाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सहा. हुकला."

डेलने सुस्कारा सोडला. मर्व्हने टेबलावर थाप मारून सोर्शाचं अभिनंदन केलं. भुकेला इस्केल शेजारी उभ्या टॉरिककडे वळला. पुन्हा फासा. या वेळी ब्रायडीने आरशाकडे पाहिलं नाही. अठरा, असं विमने सांगितलं, आणि त्याचा आवाज इतका कोरडा झाला होता की ते खरं असणार हे तिला कळलं.

टॉरिक पडला.

व्हँपायरच्या दातांनी मेलेला तिसऱ्या सांजेला उठतो, आणि मग तो खेळणाऱ्याचा राहत नाही. त्याचा कागद सूत्रधाराला द्यायचा, अशी रीत. मर्व्हने अकरा वर्षांचा तो पापुद्रा दोन्ही हातांनी उचलला, विमसमोर ठेवला आणि म्हणाला, "छान चालवलास रे आजचा डाव." मग टोपी घेऊन निघून गेला. त्याचा चहा कपात तसाच होता.

ब्रायडीने घरी जाऊन दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. कुणीतरी तिच्यासाठी खोटं बोललं होतं. ते तिला गोड वाटत होतं, आणि डोळ्यांसमोर तो थंड झालेला चहा होता. दोन्ही एकत्र राहीनात, आणि एकही जाईना.

पुढचे दहा रविवार तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मर्व्ह नवं पात्र घेऊन आला. भाडोत्री भालाईत. नाव काय, असं विमने विचारलं तर म्हणाला, सुचेल तेव्हा सांगतो. नाव काही सुचलं नाही. पूर्वी टॉरिकच्या शिव्यांनी पार्लर दणाणायचं. आता म्हातारा फासा टाकायचा, आकडा सांगायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. सोर्शा मात्र दर रविवारी नवी कुलपं उघडत होती. कागदावर तिचं शहाणपण वाढवताना ब्रायडीची पेन्सिल जड व्हायची. टेबलावर मेलेलं आणि तरी हिंडतंफिरतं असं खरं कुणी असेल तर ते माझंच पात्र, असं तिला वाटायचं.

सप्टेंबरात विमने सगळ्यांना सांगितलं. अंटार्क्टिकावरच्या तळावर इंजिनं सांभाळायला त्याची निवड झाली होती. ऑक्टोबरातलं जहाज. तेरा महिने.

डेलने त्याला मिठी मारली. मर्व्हने त्याचा हात हातात घेतला. ब्रायडी अभिनंदन म्हणाली, आणि आपला आवाज दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आल्यासारखा तिला ऐकू आला.

त्या संध्याकाळी पुलावर दोघंही दगडाबद्दल काही बोलली नाहीत. खाली ओढा बर्फाच्या पाण्याने फुगला होता. शेवटी तिने विचारलं, "फासा मनासारखा नाही पडला तर काय करतोस तू?"

"गिळतो."

"दर वेळी?"

तो तिच्याकडे वळला. ओठ उघडले. आता बोलेल—आता...

"बस आली तुझी," तो म्हणाला.

तिने ती बस धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा राग आला, आणि खिडकीतून तो लहान होत जाताना दिसला तेव्हा रागाच्या खाली जे होतं तेही दिसलं. मनात हिशेब स्वच्छ होता. बोलावं, तर विमचा शब्द जाणार, डेलचं टेबल मोडणार आणि या शहरातली तिची तीन माणसं पांगणार. गप्प राहावं, तर तो जहाजावर चढणार आणि ते एकोणीस आयुष्यभर आरशातच राहणार. त्याने ते का केलं, हे तिला कधीच कळणार नाही. कदाचित दयेने केलं असेल. कदाचित गोष्ट लांबवायला. आणि कदाचित...

शेवटच्या रविवारी डेलने शिंपल्यांचं सारण भरलेल्या खाऱ्या पेस्ट्र्या आणल्या होत्या, विमने आजीच्या हातचा आल्याचा केक. कुणी फारसं खाल्लं नाही. बुधवारी जहाज होतं. आज इस्केलचा निकाल लागायचा होता.

किल्ल्यात शिरायला एकच दार. दारापाशी कुणी उभं आहे, विम सांगू लागला. बुटकं, रुंद. दाढीत मिठाचे खडे. हातात कुऱ्हाड. डोळे मात्र कुणाला ओळखत नाहीत.

टॉरिक.

टॉरिक भाल्याच्या टप्प्यात होता, आणि भाला मर्व्हचाच. त्याने फासा उचलला, मुठीत धरला आणि तसाच बसून राहिला. डेलच्या सुया थांबल्या. आढ्यावर पावसाची टिपटिप तेवढी चालू होती.

"घाई नाही, मर्व्ह," विम हळूच म्हणाला.

"नाही रे. टाकतो." म्हातारा फाशाकडे बघत होता. "वेडेपणाच आहे, एका कागदासाठी... बायको गेली त्या साली बनवला होता मी याला. पण तो गेला तो खऱ्या फाशावर गेला. तेवढं आहे म्हणून मी अजून येतो इथे."

त्याने मूठ हलवली.

"थांबा," ब्रायडी म्हणाली.

तिघांच्याही माना वळल्या. तिने हात मांड्यांखाली दाबले.

"त्या दिवशी इस्केलचा माझ्यावरचा फासा सहा नव्हता. एकोणीस होता. टॉवेल सरकला होता, मला आरशात दिसलं. दहा आठवडे मला माहीत आहे आणि मी बोलले नाही."

विमने नाही म्हटलं असतं तर ते खपलं असतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. ब्रायडीने त्याच्याकडे पाहायचं टाळलं, मग टाळवलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, आणि त्यातच कुठेतरी सुटका झाल्यासारखंही काही होतं.

"एकोणीसच होता," तो म्हणाला.

"आणि माझ्या टॉरिकचा?" मर्व्हने विचारलं.

"अठरा. तो खरा. पण तो टाकायची वेळच आली नसती, मर्व्ह. सोर्शा पडली असती तर इस्केल तिच्यापाशीच थांबला असता. तुला पळायला वाव मिळाला असता."

डेलने विणकाम मांडीवरून उचललं आणि टेबलावर ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, का?

विमने आडोशामागून हात पुढे घेतले. दोन्ही तळवे टेबलावर पालथे, नखांच्या काळ्या रेघा दिसत होत्या.

"त्या आठवड्यात जहाजाचं पत्र आलं होतं," तो म्हणाला. "मी रविवार मोजले. दहा भरले. वाटलं, सोर्शा मेली तर ब्रायडी पुढच्या रविवारी येणार नाही. नवी माणसं पहिलं पात्र मेलं की येत नाहीत पुष्कळदा... माझ्याकडे दहाच होते, डेल. त्यातला एकही मला सोडवेना."

बाहेरच्या ओढ्याचा आवाज आत आला.

"मी आले असते," ब्रायडी म्हणाली. "ती त्या दिवशी मेली असती तरी आले असते. तुला काय वाटलं, मी सोर्शासाठी येत होते?"

विमने मान वर केली. वर्षभर कोपराला कोपर लावून उभी असलेली ती दोघं आता पहिल्यांदा एकमेकांना समोरून बघत होती, आणि मध्ये अख्खं टेबल होतं.

"पोरी," मर्व्ह म्हणाला, "तू का गप्प बसलीस?"

हे उत्तर सगळ्यांत अवघड होतं. "मला आवडलं होतं ते. माझ्यासाठी कुणी खोटं बोललं, ते. आणि तुमचा चहा कपात राहिला होता... तो बघवत नव्हता. मला माफ करा, मर्व्ह."

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. बाहेरून एक बस गेली. मग तो डेलकडे वळला आणि म्हणाला, की नुकसान त्याचं झालंय तेव्हा निवाडाही त्यालाच करू दे. डेलने मान हलवली.

"एकोणीस पडले होते ना? मग एकोणीसच खेळू," मर्व्ह म्हणाला. "तिथून."

ब्रायडीला कळलं, म्हणजे त्या दिवशी सोर्शा पडली आणि टॉरिक वाचला. तिने सोर्शाचा कागद उचलला. पंधरा महिन्यांची खाडाखोड, एका कोपऱ्यात रोपवाटिकेतल्या मातीचा अंगठा. तिने तो टेबलावरून विमकडे सरकवला. त्याने घेतला तेव्हा बोटांना बोटं लागली, आणि या वेळी सगळ्यांच्या देखत ती थोडा वेळ तशीच राहिली. मग विमने टॉरिकचा कागद मर्व्हसमोर ठेवला. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

विमने पुठ्ठ्याचा आडोसा घडी घालून जमिनीवर ठेवला. उरलेला डाव तो सगळ्यांच्या नजरेसमोर खेळला.

आता दारापाशी सोर्शा उभी होती. तिचं बोलणं विमच्या तोंडून यायचं होतं. ब्रायडी ऐकत होती. तो खाली बघून, अगदी हळू बोलला—

"हे कुलूप माझ्या हातचं आहे. कुणालाही उघडता येणार नाही असं केलंय मी, मलासुद्धा नाही. आत ये म्हणायची मला मुभा नाही, टॉरिक. तूच फोड."

पहिला फासा चार पडला. कुऱ्हाड चौकटीत रुतली. सोर्शाचा सुरा टॉरिकच्या खांद्यात गेला. दुसरा फासा टाकताना मर्व्हने पुटपुटत अशी एक कचकचीत शिवी हासडली, की डेलला हसू फुटलं. दहा आठवड्यांनी टॉरिक बोलला होता. फासा घरंगळत ब्रायडीच्या कपाला आपटला. सतरा.

"नीज बाळा," टॉरिक म्हणाला. "आता कुणी हाक मारणार नाही तुला."

ब्रायडी रडत होती आणि हसतही होती. डेलने आरशावरचा एक टॉवेल ओढून तिच्याकडे फेकला.

साडेपाचला इस्केलची राख झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कप आवरताना डेलने विमला सांगितलं, की कायदा तो कायदा. तो आता या टेबलाचा सूत्रधार नाही. परत आला तर खेळाडू म्हणून बसावं, सगळ्यांसारखं. विमने मान्य केलं. मग ती दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "माझा नवरा कबूल झाला नव्हता. पकडला गेला होता." आणि दिवा लावायला आत निघून गेली.

विम ब्रायडीला बसपर्यंत सोडायला गेला नाही. त्याचे पाय उंबऱ्यापाशीच अडले. तिला वाटलं, झालं... संपलं.

पण सोमवारी दुपारी तो रोपवाटिकेत उगवला. ऑक्टोबरातल्या शेतकी प्रदर्शनाच्या सुट्टीला टोमॅटो लावायचे ही होबार्टची रीत, त्यामुळे सगळं शहर रोपांसाठी रांगेत उभं होतं. तोही रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा ब्रायडीने मान न उचलता विचारलं, "कुठली हवीत?"

"मला टोमॅटो लावता येणार नाहीत. मी बर्फात चाललोय."

"मग रांग का अडवलीस?"

"पूल होता तेव्हा बोललो नाही. काल वाटेवर आलोच नाही. आता पाठीमागे वीस माणसं आहेत, पळता येणार नाही." तो लाल झाला होता, कानांपर्यंत. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, ब्रायडी. हे आधी सांगायचं होतं. फासा बदलायला नको होता."

मागच्या आजीबाईंनी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि ब्रायडीला म्हणाल्या, की पोरी, याला काहीतरी दे, आम्हाला घरी जायचंय. ब्रायडीने हातमोजे काढले. तिच्या बोटांना टोमॅटोच्या पाल्याचा वास होता, हिरवा, उग्र. त्या बोटांनी तिने त्याचा चेहरा धरला आणि रांगेच्या साक्षीने त्याचं चुंबन घेतलं. मग त्याला सोमवारची संध्याकाळ दिली, आणि मंगळवार, सबंध.

बुधवारी धक्क्यावर वारा नुसता बोचत होता. तांबड्या जहाजाच्या शिडीपाशी माणसं एकमेकांना सोडत नव्हती. डेल आणि मर्व्ह जरा लांब, थर्मासमधला चहा वाटून घेत उभे होते.

"परत येशील?" ब्रायडीने विचारलं.

विमने तोंड उघडलं, आणि थांबला.

"येईन म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण मला माहीत नाही. तेरा महिन्यांत माणूस काय होतो, मी पाहिलेलं नाही. यायचंय. तुझ्याकडेच यायचंय... एवढं मात्र खरं."

तिला हवं होतं ते हे नव्हतं. पण हे उत्तर त्याने बदललेलं नव्हतं.

"मी थांबेन का, ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "थांबायचंय."

मग भोंगा झाला, आणि बोलायला वेळ उरला नाही.

जहाज हळूहळू वळलं. विम कठड्याशी आला, हातांचं नळकांडं करून काहीतरी ओरडला, आणि वाऱ्याने ते सगळंच्या सगळं उचलून नदीपार नेलं. ब्रायडीने खिशातून फोन काढला आणि त्याला लावला. लांबवर त्या ठिपक्याने खिसे चाचपलेले तिला दिसले.

"काय म्हणालास?"

"काही नाही... भीती वाटतेय म्हटलं."

"मलापण," ब्रायडी म्हणाली.

ती धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथल्या खांबाला टेकली, आणि नदीच्या मुखाशी रेंज जाईपर्यंत दोघं बोलत राहिली.